टेकाळे सर आणि चालू प्रोग्रॅम

टेकाळे सरांनी मारुंजीच्या नाक्यावर एकदा मिसळ परत पाठवली. तिखट होती म्हणून नाही, गार होती म्हणूनही नाही. त्यांनी वाढणाऱ्याला विचारलं, "या कटात काय काय घातलंय?" तो म्हणाला, "मसाला." "मसाल्यात काय?" "ते मालकिणीला माहीत." सरांनी प्लेट दोन बोटांनी पुढं सरकवली आणि म्हणाले, "ज्याचा सोर्स मला दिसत नाही, ते मी आत घेत नाही." मग आमच्या मिसळी संपेपर्यंत ते समोर बसून क्रीमची बिस्किटं खात राहिले. त्या पुड्यामागे मुंगीएवढ्या अक्षरांत एक लांबलचक यादी छापलेली होती. सरांनी ती वाचली नाही. यादी आहे, एवढ्यावर त्यांचं समाधान होतं.

सुधाकर टेकाळे मूळचे परभणीकडचे. पन्नाशीला टेकलेले, अंगानं वाळके, अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर बारा महिने करड्या लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत ते प्रिन्सिपल आर्किटेक्ट होते. कंपनी म्हणजे हिंजवडीच्या काचेच्या इमारतींपैकी नव्हे. मारुंजीच्या रस्त्यावर, खाली टाइल्सचं दुकान, त्यावर दातांचा दवाखाना आणि त्यावर आम्ही बावीस जण. त्या बावीस जणांत एक प्रिन्सिपल होता, यावरून बाकीच्या एकवीस जणांची अवस्था ओळखावी.

सरांचं एकच तत्त्व होतं आणि ते दिवसातून चारदा ऐकायला मिळायचं. "कागद खोटं बोलतो, माणूस खोटं बोलतो. चालू प्रोग्रॅम खोटं बोलत नाही. त्यालाच विचारा."

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची लांबच लांब वही. तिच्यातल्या एकेका कामाच्या तुकड्याला फंक्शन म्हणतात. आम्ही ज्या भाषेत काम करायचो तिच्यात एक सोय होती. प्रोग्रॅम चालू असतानाच त्याला आतून विचारता यायचं, की बाबा रे, तुझं हे अमुक फंक्शन मुळात कसं लिहिलंय ते दाखव. की तो मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, जसाच्या तसा पडद्यावर यायचा. लिहिणाऱ्यानं मध्येच स्वतःसाठी काही टीप लिहून ठेवलेली असेल, तर तीही. बाकीचे लोक ही सोय अडलंनडलं तर वापरतात. टेकाळे सरांनी तिची संस्था केली होती.

दर गुरुवारी दुपारी जेवणं झाली, की सर मीटिंगच्या खोलीत प्रोजेक्टर लावायचे. यालाच आम्ही पंचनामा म्हणायचो. कोणाचं फंक्शन निघणार हे आधी कळायचं नाही. सर चालू प्रोग्रॅमला जोडून घेत, एक ओळ टाइप करत, आणि आपलं पाप भिंतीवर पाच फूट उंच उभं राही. मग सर हातातली एक फुटाची प्लॅस्टिकची पट्टी भिंतीवर ठेवायचे आणि एकेक ओळ खाली सरकायचे. ज्याचं फंक्शन असेल त्यानं उभं राहायचं. असा लेखी नियम कुठंही नव्हता, पण बसून राहण्याची हिंमतही कोणाकडे नव्हती.

माझा नंबर तिसऱ्याच आठवड्यात लागला. मी अकोल्याहून नवीनच आले होते. माझ्या फंक्शनच्या मधोमध मी लिहिलेली टीप भिंतीवर झळकली. "हे का चालतं ते कळत नाही. चालतंय तोवर हात लावू नये."

सरांची पट्टी थांबली. "हे सुभाषित कोणाचं?"

"माझं, सर."

"नाव?"

नाव त्यांना माहीत होतं. तरी मी म्हटलं, "वैशाली."

"वैशालीताई, मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. त्यांनी आणखी दोनदा वाचायला लावलं, तिसऱ्यांदा मागच्या रांगेला ऐकू जाईल असं. नंतर महिनाभर कॉफीचं मशीन बिघडलं की कोणीतरी त्यावर चिठ्ठी लावायचं, "का चालतं ते कळत नाही." मला हसू येत नव्हतं. पण मी हसायचे.

माझं हसण्यावारी गेलं. सोनवणेचं गेलं नाही. सोनवणे जळगावकडचा, मान खाली घालून काम करणारा. त्याच्या फंक्शनमध्ये एकच काम सतरा ठिकाणी उतरवलेलं होतं. सरांनी त्याला सगळं फंक्शन स्वल्पविराम, कंस, अर्धविराम यांच्यासकट म्हणून दाखवायला लावलं, पाढे म्हणावेत तसं. पाऊण तास चाललं ते. "कंस उघडा, कंस बंद" म्हणता म्हणता सोनवणेचा आवाज बसला. तीन आठवड्यांनी त्यानं राजीनामा दिला. सर म्हणाले, "ज्याला आपला सोर्स दाखवायची लाज वाटते, त्यानं या धंद्यात येऊ नये."

सरांचं स्वतःचं फंक्शन मात्र पंचनाम्याला कधीच निघालं नाही. ते लिहीतच नसत असा आमचा समज होता. लिहीत असत. पण ज्याच्या हातात पट्टी, त्याच्या ओळी मोजणार कोण?

एकदाच त्यांची पंचाईत झाली. नव्यानं आलेल्या एका मुलीनं भर पंचनाम्यात भाबडेपणानं विचारलं, "सर, बेरीज करायचं जे फंक्शन भाषेतच तयार मिळतं, त्याचा सोर्स दाखवा ना." सरांनी मोठ्या ऐटीत ओळ टाइप केली. भिंतीवर लाल अक्षरं आली. सोर्स उपलब्ध नाही. तसं व्हायचंच होतं. भाषेतली ती तयार फंक्शनं निराळ्याच भाषेत लिहून, दळून, पिठासारखी भरलेली मिळतात. त्यांना विचारून मूळ दाणा दिसत नाही. एवढं साधं उत्तर होतं. सरांनी ते द्यायला चाळीस मिनिटं घेतली, त्यातली दहा इंग्रजीत, आणि शेवटी प्रोजेक्टर तापलाय म्हणून बंद केला. दुसऱ्या दिवशी त्या मुलीचं टेबल स्वच्छतागृहाच्या दाराशी हललेलं होतं.

सर आणि मी एकाच घरमालकिणीकडे राहत होतो, हे माझं आणखी एक भाग्य. हिराकाकूंच्या घरची शेती हिंजवडीच्या भरभराटीत गेली. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी तीन मजले चढवले आणि खोल्या भाड्यानं दिल्या. सर वर, मी खाली. सरांचं कुटुंब परभणीला. दिवाळीत ते तिकडे जायचे आणि चौथ्या दिवशी परत यायचे.

पहिल्यांदा राहायला आल्या आल्याच सरांनी काकूंना गाठलं होतं. "नळाला पाणी कधी सहाला येतं, कधी साडेसातला. याचा नियम काय?"

"मी मोटार लावती तवा येतं," काकू म्हणाल्या.

"पण मोटर कधी लावायची ते कसं ठरतं?"

"मला जाग येती तवा."

सरांनी त्याच दिवशी वेळापत्रक छापून मोटारीच्या बटणाशेजारी चिकटवलं. तीन रंगांत. काकूंनी दुसऱ्या दिवशी ते काढून बंब पेटवला. सरांनी पुन्हा चिकटवलं. काकूंनी पुन्हा पेटवला. चौथ्यांदा काकू मला म्हणाल्या, "कागुद बरा हाय गं त्येंचा, लगीच पेट घेतुया." आणि मग जिन्याकडं बघत, "ह्या मानसाला समद्या जगाच्या पोटात बगायचंय. ह्येच्या पोटात काय हाय ते बायकूला तरी ठावं हाय का इचार एकदा."

आता मुख्य गोष्ट.

रिहे खोऱ्यातल्या एका गावात नदीवरून पाणी उचलून शेतांना देणारी शेतकऱ्यांची छोटी संस्था होती. गावाचं नाव सांगत नाही. पन्नासेक सभासद. पाण्याची पाळी कोणाची आधी, कोणाची नंतर, यावरून तिथं दर उन्हाळ्यात भांडणं व्हायची. आमच्या मालकांना 'ग्रामीण भागातलं काम' म्हणून जाहिरातीत दाखवायला काहीतरी हवंच होतं. त्यांनी संस्थेला प्रोग्रॅम करून दिला. दर सोमवारी तो पाळीची यादी काढायचा, सभासदांच्या मोबाईलवर पाठवायचा आणि ठरल्या वेळी पंपालाही चालू-बंदचा निरोप द्यायचा. संस्थेचे अध्यक्ष आप्पा. पांढरे कपडे, मोठी गाडी, बोलणं मधासारखं. यादीचं मुख्य फंक्शन सरांनी स्वतः लिहिलं, कारण उद्घाटनाचा फोटो त्यांनाच काढून घ्यायचा होता.

पहिली पाळी सुरळीत गेली. दुसऱ्या पाळीपासून कुरबूर सुरू झाली. पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला, ज्याला ते लोक टेल म्हणतात, तिथं ताराबाई नावाच्या बाईंची अर्धा एकर काकडी होती. नवरा नाही, सगळं त्याच बघायच्या. त्यांची पाळी सारखी मागे मागे जात होती. आणि वाटेवर पुण्याच्या कोणा बड्या माणसाची दोन फार्महाऊसं होती, तिथली हिरवळ रोज नव्यानं रंगवल्यासारखी दिसायची. ताराबाईंनी संस्थेच्या ऑफिसात तीनदा विचारलं. तीनदा आप्पा म्हणाले, "मशीन ठरवतंय, ताराबाई. मशीनला का कुनी भाऊबंद हायेत?"

चौथ्या वेळी बाईंनी दहा-बारा टेलवाले गोळा केले आणि सांगितलं, मशीनमदी काय लिवलंय ते आमास्नी दाखवा, न्हाईतर पंप बंद पाडू. आप्पांनी मालकांना फोन केला, मालकांनी सरांना. सर एकदम खुलले. "गावात पंचनामा!" म्हणाले. रविवारी सकाळी समाजमंदिरात सभा ठरली. प्रोजेक्टर उचलायला सोबत मी.

मी ऑफिसात प्रोजेक्टर घ्यायला गेले, तेव्हा सर आधीच येऊन बसले होते. सर्व्हरवरची फाइल उघडी होती. यादीचं फंक्शन. त्यात दोन ओळी होत्या. अमुक दोन गट नंबर असतील तर त्यांना यादीत सगळ्यांच्या वर ठेवा, बाकीचे पाइपलाइनच्या क्रमानं लावा. शेजारी टीप होती, "अध्यक्षांचा निरोप." सरांनी त्या दोन ओळी निवडल्या आणि माझ्यादेखत पुसल्या. फाइल साठवली.

मी म्हटलं, "सर, प्रोग्रॅम बंद करून परत चालू करायचा ना?"

"आत्ता पंप चालू आहे. मध्येच बंद केला तर निरोप तुटेल. संध्याकाळी करू."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. प्रोग्रॅम सुरू होताना आपली फाइल एकदाच वाचतो, पाठ करतो, आणि मग पाठ केलेलंच म्हणत राहतो. मागाहून फाइलमध्ये कोणी काही पुसलं तरी त्याला पत्ता नसतो. बंद करून पुन्हा सुरू केला, तरच तो नवं वाचतो. पण त्याला 'तुझा सोर्स दाखव' म्हटलं, की तो पाठ केलेलं म्हणून दाखवत नाही. तो सरळ फाइल उघडतो आणि तिथं आत्ता जे लिहिलंय ते पुढं करतो. म्हणजे फाइल बदलून प्रोग्रॅम तसाच चालू ठेवला, तर तो दाखवतो एक आणि करतो दुसरंच. नवखी माणसं यात तासन्‌तास फसतात. मीही फसले होते. टेकाळे सर फसणं शक्य नव्हतं.

कासारसाईवरून जाताना सरांनी गाडीत मला सबंध रस्ताभर पारदर्शकतेवर ऐकवलं. मी धरणाच्या पाण्याकडं बघत "हो सर" म्हणत होते.

समाजमंदिर भरलं होतं. खिडक्या लावून घेतल्या, पांढऱ्या भिंतीवर उजेड पाडला. आप्पा पुढच्या खुर्चीत. टेलवाले मागं सतरंजीवर, ताराबाई त्यांच्या पुढ्यात मांडी घालून. हिरवं लुगडं, हातात वही. सरांनी पट्टी काढली.

"मंडळी, हा कागद नाही. हा आत्ता, या क्षणी चालू असलेला तुमचा प्रोग्रॅम आहे. मी त्यालाच विचारतो. कागद खोटं बोलतो, माणूस खोटं बोलतो..." वगैरे. त्यांनी ओळ टाइप केली. फंक्शन भिंतीवर आलं. स्वच्छ, धुतलेलं.

सरांनी एकेक ओळीवर पट्टी ठेवून अर्थ सांगितला. ज्याला पाणी मिळून जास्त दिवस झाले तो आधी. दिवस सारखे असतील तर टेलवाला आधी. तरीही सारखे असतील तर चिठ्ठी. एवढंच. यात कोणाचं नाव नाही, गाव नाही, नातं नाही. मान्य करायला हवं, सर सांगत छान. पुढचे लोक माना डोलवायला लागले. एक म्हातारबुवा म्हणाले, "न्याय हाय." आप्पांनी मागं वळून विचारलं, "झालं का समाधान?" कोणीतरी टाळ्यांना सुरुवातही केली.

ताराबाई म्हणाल्या, "वाचून झालं. आता चालवून दावा."

"म्हणजे?" सर म्हणाले.

"ह्या हप्त्याची यादी हितंच काडा."

"यादी उद्या आपोआप येईल, बाई."

"उद्या कशापाई? चालू हाय म्हनताय न्हवं मशीन? मग काडू द्या की त्येला. आमी हाय हितं समदी."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी प्रोजेक्टरची वायर घट्ट बसलीय का ते बघायला लागले. ती घट्टच होती. मी तरी बराच वेळ बघत राहिले. मला माहीत होतं आता काय निघणार. उभं राहून दोन वाक्यं बोलले असते तर सगळं तिथंच उलगडलं असतं. मी बोलले नाही.

नकार द्यायला सरांकडं कारण उरलं नव्हतं. त्यांनी बटण दाबलं.

यादी आली. पहिला गट नंबर फार्महाऊसचा. दुसरा फार्महाऊसचा. ताराबाई सेहेचाळिसाव्या.

ताराबाई उठल्या, वही घेऊन भिंतीजवळ गेल्या आणि यादीतल्या पहिल्या नंबरावर बोट ठेवलं. सरांच्या पट्टीच्या शेजारीच.

"हिरवळीला पानी पडून तीन दिस झालं. माज्या काकडीला एकोनीस. हितं लिवलंय. तुमी आत्ता वाचलं, ज्याला जास्त दिस झालं त्यो आदी. मंग ही तीन वाली वर कशी?"

"ते... कॅश मेमरी असेल," सर म्हणाले. "कधीकधी जुनं काहीतरी धरून बसतं ते."

"काय धरून बसलंय?"

"वेळ लागतो सिस्टीमला."

"पान्याला न्हाई लागत येळ," ताराबाई म्हणाल्या. "उतार दिसला की जातंय. उतार कुनी दिला तेवडं सांगा."

मागून कोणीतरी ओरडलं, "सकाळच्याला काय तरी बदलून आलंय ह्ये!" तो नुसता अंदाज होता. पण सरांचा चेहरा उतरला आणि तोंडून एकदम परभणी बाहेर पडली.

"मी काय मुद्दाम करायलोय का? मला काय मिळायलंय त्याच्यात?"

मुद्दाम केलं असं तोवर कोणीच म्हटलं नव्हतं. आता सगळेच म्हणायला लागले.

आप्पा सावकाश उठले. त्यांनी हात जोडले. "मंडळी, आपन इस्वास टाकला. ह्या कंपनीवाल्यांनी घोळ घातला. मी सोता ह्येचा जाब घेतो." आणि त्यांनी सरांकडं असं पाहिलं, जसं शेतात घुसलेल्या जनावराकडं पाहावं.

ताराबाईंनी आप्पांकडं लक्षच दिलं नाही. त्या सरांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. आवाज चढलेला नव्हता. "सायेब, कुनाच्या सांगन्यावरनं?"

एवढी संधी माणसाला क्वचित मिळते. एक नाव घ्यायचं होतं. तो माणूस चार हातांवर उभा होता. सरांनी आप्पांकडं पाहिलं, छताकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या यादीकडं पाहिलं आणि म्हणाले, "टेक्निकल आहे ते."

ताराबाईंनी वही मिटली.

परत येताना अर्ध्या वाटेत सरांनी गाडी बाजूला घेतली. बॉनेटवर लॅपटॉप उघडला, मोबाईलवरून सर्व्हरला जोडलं आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला. शेजारून लग्नाच्या वऱ्हाडाचे टेम्पो जात होते. "बघ," सर मला म्हणाले, "आता बरोबर येईल." यादी काढली. बरोबर आली. ताराबाई पहिल्या. सरांच्या चेहऱ्यावर खरोखरचं समाधान होतं. गावात पंप लोकांनी दुपारीच बंद पाडला होता, हे आम्हाला ऑफिसात पोचल्यावर कळलं.

पुढचं थोडक्यात. संस्थेनं प्रोग्रॅम काढून टाकला. घमेल्यात चिठ्ठ्या टाकून सर्वांसमोर पाळी ठरवायला लागले. ताराबाईंची चिठ्ठी चौथी निघाली, पण तोवर काकडीचे वेल गेले होते. त्यांनी ते उपटून बांधावर टाकले. फार्महाऊसवाल्यानं बोअर मारली. हिरवळ आणखीच हिरवी झाली. आप्पा अध्यक्षच राहिले. त्यांनी जाब घेतला असं ते सांगतात.

आमच्या मालकांनी सगळं टेकाळे सरांवर ढकललं. सरांनी राजीनामा दिला. निरोपाच्या समारंभात केक होता आणि त्यावर क्रीमनं सरांचं नाव चुकीचं लिहिलं होतं. सोनवणेच्या वेळी केकही नव्हता. महिन्याभरात बातमी आली की खराडीच्या एका बड्या कंपनीनं सरांना घेतलंय. काम काय, तर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमची तपासणी. आख्खा विभाग त्यांच्या हाताखाली. ऐकून आम्ही तिघीचौघी कॉफीच्या मशीनपाशी इतक्या हसलो की दातांच्या दवाखान्यातून माणूस वर आला.

सर खोली सोडून गेले तो शनिवार होता. हिराकाकूंच्या दारात टेम्पो लागला. सामान फारसं नव्हतंच. एक कपाट, गादी, पुस्तकांची खोकी. मॉनिटर सरांनी टेम्पोत ठेवू दिला नाही. ड्रायव्हरशेजारी बसून तो मांडीवर घेतला, लहान पोराला घ्यावं तसा. काकूंनी त्यांच्या हातावर दही-साखर ठेवली. सरांनी ती काही न विचारता खाल्ली.

मी बाहेर आले. जा म्हणावं, सुखी राहा म्हणावं, इतकंच डोक्यात होतं. सरांनी काच खाली केली.

"वैशाली, त्या दिवशी तुला माहीत होतं ना? प्रोग्रॅम रीस्टार्ट झाला नव्हता ते."

"हो."

"मग तिथं बोलली का नाहीस?"

त्यांनी हे रागानं विचारलं नाही. खरंच माहिती हवी असल्यासारखं विचारलं. मी म्हटलं, "तुमची भीती वाटत होती, सर."

"माझी?" ते म्हणाले. असा चकित झालेला माणूस मी अलीकडे पाहिलेला नाही. मॉनिटरवरचा हात त्यांनी उचलला आणि परत ठेवला. "माझी काय भीती वाटायची गं? मला तर आप्पाची वाटत होती."

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. "बरं, येतो," सर म्हणाले. "या, सर," मी म्हणाले. त्यांनी काच वर घेतली.

आणि टेम्पो दहा पावलं जाऊन थांबला. पुढं वळणावर सिमेंटच्या मिक्सरला बस आडवी आली होती, मागून दुचाक्या शिरल्या होत्या, कोणालाच पुढं-मागं होता येत नव्हतं. काकू कंटाळून आत गेल्या. मला जाता येईना, कारण सर अजून समोरच होते. त्यांनाही बोलता येईना, कारण निरोप घेऊन झाला होता. पंधरा मिनिटं तरी आम्ही तसेच होतो. ते काचेआड मॉनिटर धरून समोरच्या बसच्या मागच्या दिव्याकडं बघत होते, मी रस्त्याकडेला उभी राहून मोबाईलमध्ये काही नसलेलं वाचत होते. मध्येच एकदा आमची नजर भेटली. दोघांनीही मान हलवली आणि पुन्हा आपापल्या दिशेला वळवली.